वारा दक्षिणेकडे, पाणी उत्तरेकडे: पिवळ्या समुद्राचा हिवाळा, केळीच्या बांधावरून

गेल्या जानेवारीत आमच्याकडे लाईट रात्रीची होती. थ्री फेज सुरू होणार बाराच्या पुढे, म्हणजे कानटोपी चढवून मळ्यात जाणं आलंच. सकाळच्या पेपरात धुळ्याचा पारा घसरल्याची बातमी होती आणि चोपड्याकडे काही फार वेगळं नव्हतं. अशा रात्री केळीचं पान पिवळं पडतं, पोंग्यातलं नवं पान अडकून बसतं, घड निसवायला उशीर लागतो. मग जुनी माणसं करत आली तेच करायचं. बांधावर पालापाचोळ्याचा धूर, आणि बागेला विहिरीचं पाणी.

सोबत भाचा होता. तो गोव्याला समुद्रशास्त्र शिकतो. मोटारीची धार हौदात पडायला लागली, तशी पाण्यातून वाफ निघायला लागली. त्यानं खिशातून थर्मामीटर काढून धारेत धरला. २६ अंश. मग हवेत धरला. ९.

"मामा, माझा अख्खा प्रोजेक्ट एवढाच आहे," तो म्हणाला. "गार वाऱ्यात कोमट पाण्याचं काय होतं. फक्त आमच्याकडचं कोमट पाणी वाऱ्याच्या तोंडावर चालतं."

"तोंडावर म्हणजे?"

"वारा उत्तरेकडून येतो. पाणी उत्तरेकडेच जातं."

मी म्हटलं, पोराला थंडी बाधली. वाऱ्यानं धूळ उडते ती वारा जातो त्याच दिशेला. कापसाचा झेला, पतंग, बायकांचा पदर, सगळं वाऱ्याबरोबर. पाणीच तेवढं उलटं का जाईल? त्यानं हौदाच्या काठावर बसून सांगायला सुरुवात केली. मला पटायला तीन रात्री लागल्या. तुम्हाला एका बैठकीत पटावं म्हणून हा लेख.

## आधी समुद्र कोणता ते

चीन आणि कोरिया यांच्या मधला हा पिवळा समुद्र. शाळेच्या पुस्तकात 'पीत समुद्र' म्हणून येतो. आकारानं महाराष्ट्राहून थोडा मोठा, साधारण ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर. पण खोली किती? सरासरी अवघी ४४ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार त्यात उभा केला तर वरचे २८ मीटर पाण्याबाहेर राहतील. महासागरांची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरच्या वर असते, त्यापुढे हे म्हणजे परातीतलं पाणी.

परात म्हटलं खरं, पण कढई म्हणणं जास्त बरोबर. दोन्ही काठांना, चीनकडे आणि कोरियाकडे, तळ उथळ आहे. मधोमध उत्तर-दक्षिण एक लांब घळ आहे, तिथं खोली ८० मीटरच्या आसपास जाते. तीन बाजूंनी जमीन, दक्षिणेला तोंड उघडं. अशा जमिनीनं अर्धवट वेढलेल्या समुद्राला सीमावर्ती समुद्र म्हणतात. या लेखात कढईचा हा आकार तेवढा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

नाव पिवळं का? हुआंग हो नदीच्या गाळामुळे. हुआंग हो म्हणजेच पीत नदी. आता ती उत्तरेच्या बोहाई उपसागराला मिळते.

हिवाळ्यात सायबेरियावर थंड, जड हवेचा डोंगर साचतो. तिथून सुटलेला वारा नोव्हेंबर ते मार्च या समुद्रावर उत्तरेकडून, वायव्येकडून आदळत राहतो. आपला पावसाळी मान्सून तसा हा त्यांचा हिवाळी मान्सून.

## बशीतला चहा आणि कपातला चहा

आता पहिली गंमत. हा गार वारा सगळ्या समुद्रावर जवळपास सारखाच वाहतो. मग सगळा समुद्र सारखाच गार व्हायला हवा. तसं होत नाही.

चहा बशीत ओतला की दोन मिनिटांत पिण्याजोगा होतो, कपातला तोंड भाजतो. वरून निघून जाणारी उष्णता पृष्ठभागाच्या हिशेबानं जाते, आणि खाली साठा किती हे खोलीवर ठरतं. समुद्राचंही हेच. भाच्यानं मोबाईलवर हिशेब करून दाखवला. समजा, दर चौरस मीटरमधून वारा २०० वॉट उष्णता काढतोय, म्हणजे जुने शंभर वॉटचे दोन बल्ब सतत जळावेत एवढी. काठाजवळ जिथं पाणी १० मीटर खोल आहे, तिथं ते दहा दिवसांत चारएक अंशांनी उतरेल. मधल्या घळीत ८० मीटर पाणी आहे, तिथं त्याच दहा दिवसांत जेमतेम अर्धा अंश.

म्हणजे वारा एकच, पण काठाला तो चटका देतो आणि मध्याला नुसता गारवा. फेब्रुवारीपर्यंत चीनच्या किनाऱ्यालगतचं पाणी तीन ते पाच अंशांवर आलेलं असतं, मधे मात्र आठ-नऊ अंश टिकून असतात आणि दक्षिणेकडे जावं तसे आणखी जास्त. उपग्रहाच्या तापमान-नकाशावर दक्षिणेकडून वर घुसलेली एक कोमट जीभ दिसते. दोन्ही बाजूंना गार पाणी, मधे जीभ. अगदी दाताखालून जीभ बाहेर काढावी तशी.

## शीव म्हणजे काय

त्या जिभेच्या कडेला काय असतं? हळूहळू, न कळत गार होत जाणारं पाणी? नाही. फरक अरुंद पट्ट्यात एकवटतो. दहा-वीस किलोमीटरमध्ये दोन-तीन अंश बदलतात, मग पुन्हा पन्नास किलोमीटर काहीच नाही. या अरुंद पट्ट्याला शास्त्रात फ्रंट म्हणतात. हा शब्द आधी हवामानवाल्यांनी घेतला. पहिलं महायुद्ध संपता संपता नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामानतज्ज्ञांनी गार आणि उबदार हवेच्या सीमेला लढाईच्या आघाडीवरून हे नाव दिलं. मराठीत आघाडी म्हटलं की डोळ्यांपुढे जागावाटप येतं. मी आपला 'शीव' म्हणतो. दोन गावांची असते तशी, दोन पाण्यांची शीव.

शीव पाहायला कोरियाला जायला नको. पावसाळ्याच्या तोंडाला चांगदेवला जा, तापी-पूर्णेच्या संगमावर. एका नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झालाय आणि दुसरीच्या नाही, असा दिवस साधला तर एकाच पात्रात दोन रंग शेजारी शेजारी चालताना दिसतात. एकीकडे गढूळ, दुसरीकडे त्या मानानं निवळ. मधे रेघ. त्या रेघेवर फेस, काटक्या, वाळलेली पानं, कुणीतरी सोडलेली झेंडूची फुलं, तुटकी चप्पल, सगळं एका ओळीत लागून चाललेलं असतं. लहानपणी मला वाटायचं, हा कचरा कुणी मुद्दाम लावलाय. दोन्हीकडचं पाणी त्या रेघेकडे सरकतं आणि खाली जातं. तरंगणारी वस्तू खाली जाऊ शकत नाही, ती तिथंच अडकते.

समुद्रातल्या शिवेवर हेच मोठ्या मापात होतं. तिथं फुलांच्या जागी सूक्ष्म वनस्पती, त्यांवर जगणारे बारीक जीव, आणि त्यांच्या मागे मासे.

## मग वाऱ्याच्या तोंडावर पाणी चालतं कसं?

इथं मी दोन रात्री अडलो होतो.

उत्तरेचा वारा पाण्याला दक्षिणेकडे ढकलतो, यात वाद नाही. उत्तरेचं पाणी असं दक्षिणेकडे सरकलं की उत्तरेकडची पातळी थोडी उतरते आणि दक्षिणेकडची वर राहते. म्हणजे समुद्राला चढ येतो. किती? नेहमीच्या हिवाळी वाऱ्याला सातआठशे किलोमीटरमागे जेमतेम वीतभर. हसू येईल इतका. पण पाण्याला वीतभर चढसुद्धा कळतो, आणि ते उताराकडे, म्हणजे परत उत्तरेकडे, यायला बघतं.

आता दोन जोर झाले. वाऱ्याचा जोर दक्षिणेकडे, उताराची ओढ उत्तरेकडे. जिंकणार कोण?

मी शेतकरी माणूस, मला बैलगाडीनं कळलं. चाळीसगावहून कन्नडच्या घाटाला दहा गाड्या लागल्यात असं समजा. प्रत्येक गाडीला सारख्याच ताकदीची बैलजोडी. काही गाड्या रिकाम्या, काही कपाशीच्या गाठींनी लादलेल्या. चढ सगळ्यांना एकच. रिकामी गाडी बैल वर ओढून नेतील. लादलेल्या गाडीला तेच बैल पुरणार नाहीत, ती मागे सरकेल. बैलांच्या नाकासमोर, बैलांच्या इच्छेविरुद्ध.

बैल म्हणजे वारा. तो पाण्याच्या फक्त वरच्या कातडीला धरून ओढतो, म्हणून त्याचा जोर दर चौरस मीटरला सारखाच, खाली पाणी वीस मीटर असो की ऐंशी. ओझं म्हणजे खोली. उताराची ओढ मात्र वरपासून तळापर्यंत सगळ्या पाण्याला लागते, म्हणून पाणी जितकं खोल, तितकी ती मोठी. सरासरी खोलीला, म्हणजे ४४ मीटरला, दोन्ही जोर साधारण बरोबरीचे धरा. २० मीटर खोलीवर उताराची ओढ वाऱ्याच्या निम्म्याहून कमी भरते. वारा जिंकतो, पाणी दक्षिणेकडे. ८० मीटरवर ती वाऱ्याच्या जवळपास दुप्पट होते. उतार जिंकतो, पाणी उत्तरेकडे.

म्हणून दोन्ही काठांनी गार पाणी वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे उतरतं आणि मधल्या घळीतून दक्षिणेचं कोमट, जास्त खारं पाणी वाऱ्याच्या तोंडावर उत्तरेकडे चढतं. या मधल्या प्रवाहाचं नाव पिवळ्या समुद्राचा उष्ण प्रवाह. 'उष्ण' हे तिथल्या मापानं. आपल्याला त्यात पाय घालवणार नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या दिवशी कधी गेला असाल तर आठवा. दोन्ही दुकानांच्या रांगांना घासून माणसं पुढे जात असतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून परतणारे मागे येत असतात. तसंच काहीसं, फक्त इथं दुकानदारांच्या जागी चीन आणि कोरिया.

वेग फार नाही. सेकंदाला काही सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला तीन-चार किलोमीटर, आमच्या गावातली म्हैस चरत चरत त्याच्या पुढे जाईल. आणि तो नळासारखा एकसारखाही वाहत नाही. वारा झोताझोतानं येतो. दोन-तीन दिवस जोराचा, मग दोन-तीन दिवस मंद. जोराचा झोत चढ तयार करतो. वारा पडला की बैल सुटल्यासारखं होतं आणि मधलं पाणी जोरानं उत्तरेकडे सरकतं. म्हणजे हिवाळाभर उत्तरेकडे चाललेला हा प्रवाह खरं तर अशा अनेक हिसक्यांची बेरीज आहे.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही यात आहे. उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला ती उजवीकडे वळवायला बघते. त्यामुळे चित्र मी सांगितलं इतकं सरळ राहत नाही. जीभ बरोबर घळीवर न बसता पश्चिमेकडे, चीनच्या बाजूला, कललेली दिसते. पण बैलगाडीचा हिशेब तरीही मोडत नाही.

## कोमट पाणी हलकं, मग ते वर का तरंगत नाही?

ही शंका चांगली आहे, कारण अंघोळीच्या बादलीत आपण ते रोज बघतो. वर कढत, खाली गार.

पहिलं उत्तर असं की हिवाळ्यात हा समुद्र घुसळला जातो. वरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, आणि वारा वरून रवी फिरवतच असतो. अवघ्या पन्नास-साठ मीटरच्या खोलीत ही घुसळण तळापर्यंत पोचते. ताक घुसळताना मडक्यात थर राहत नाहीत, तसे इथंही राहत नाहीत. त्यामुळे शीव आडव्या थरासारखी नसते, भिंतीसारखी वरपासून तळापर्यंत जवळजवळ उभी असते.

दुसरं उत्तर मिठात आहे, आणि मला ते जास्त आवडलं. काठचं पाणी गार आहे म्हणून जड, पण त्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं, म्हणून हलकं. मधलं पाणी कोमट म्हणून हलकं, पण खारं म्हणून जड. त्या तापमानाला पाच अंशांचा फरक आणि किलोमागे एक ग्रॅम मिठाचा फरक, दोघांचं वजन जवळजवळ सारखं भरतं. तराजूच्या एका पारड्यात थंडी, दुसऱ्यात मीठ, आणि काटा मधोमध. मग कोण कुणावर चढणार? दोन पाणी शेजाऱ्यांसारखी भिंतीला भिंत लावून हिवाळा काढतात.

## हे कळलं कसं?

जिभेचा माग पहिल्यांदा मीठ आणि तापमानानं लागला. जपानी शास्त्रज्ञ मिचिताका उदा यांनी १९३४ साली जहाजांवरच्या मोजमापांतून हा प्रवाह मांडला. त्यानंतर भांडण चाललं ते हे की प्रवाह खराच आहे का, की नुसती कोमट पाण्याची जुनी शिल्लक. १९८० नंतरच्या दशकात तळाला दोर बांधून पाण्यात लटकवलेल्या यंत्रांनी ते वाऱ्यामागून येणारे हिसके पकडले. त्याच काळात उपग्रह आले. पृष्ठभागातून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून ते पाण्याचं तापमान वाचतात. ढग आले की मात्र आंधळे.

यंत्रं लावणंही सोपं नाही. हा समुद्र मासेमारीनं गजबजलेला. तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी महागडी यंत्रंसुद्धा ओढून नेतात. आमच्याकडे विहिरीवरची केबल चोरीला जाते, तसंच समजा, फक्त इथं चोराला आपण काय नेलं ते माहीत नसतं.

## मासे, गाळ आणि पेवात ठेवलेली थंडी

काठ गारठला की माशांनाही हुडहुडी भरते. अँकोव्ही नावाची बोटभर मासळी आणि छोटा पिवळा क्रोकर हे तिथले महत्त्वाचे मासे. हिवाळ्यात ते काठ सोडून मधल्या, दक्षिणेकडच्या कोमट पाण्यात उतरतात आणि वसंतात अंडी घालायला पुन्हा काठाकडे येतात. जीभ कुठवर पोचली, शीव कुठं पडली, यावर त्यांचा हिवाळी मुक्काम ठरतो. त्यामुळे कोळी शीव शोधत फिरतात.

गाळाची गोष्ट मला त्याहून भारी वाटली. हुआंग हो आज बोहाईला मिळते, पण ११२८ पासून १८५५ पर्यंत ती दक्षिणेला, आजच्या जिआंगसू किनाऱ्यावर, थेट पिवळ्या समुद्राला मिळत होती. सातशे वर्षं तिनं तिथं गाळ टाकला. १८५५ साली पात्र बदलून निघून गेली. पण तो गाळ तिथंच आहे. दर हिवाळ्यात वारा आणि लाटा तो जुना त्रिभुज प्रदेश उकरतात आणि उपग्रहाच्या चित्रात किनाऱ्यापासून आग्नेयेकडे पसरलेला गढूळ पट्टा दिसतो. नदी गेली, पण तिच्या नावाचा गाळ समुद्र अजून उपसतोय. तापीनं असं पात्र बदललं असतं तर आपल्या किती पिढ्या कोर्टात गेल्या असत्या!

आणि थंडी. वसंतात ऊन वाढलं की वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि झाकणासारखं बसतं. मधल्या घळीतलं तळाचं गार पाणी त्या झाकणाखाली कोंडलं जातं. वर ऑगस्टमध्ये पोहण्याजोगं पाणी असतं, पंचवीस अंशांच्या पुढचं, आणि तळाला दहा अंशांखालचं, सरळ गेल्या हिवाळ्यातलं. आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात भरून वर माती लिंपायचे, तसं. हिवाळा किती कडक होता हे उन्हाळ्यात तळाशी जाऊन मोजता येतं.

साहजिकच हिवाळा सौम्य झाला की ही सगळी घडी हलते. शेजारचा पूर्व चीन समुद्र गेल्या काही दशकांत जगाच्या सरासरीहून वेगानं तापलाय. मात्र एखाद्या वर्षी जीभ लांबली म्हणजे लगेच हवामानबदल, असं म्हणता येत नाही. ती दरवर्षीच्या वाऱ्यावर लांबते-आखडते, आणि एका हंगामाच्या नकाशावरून बोलणारे फार झालेत.

## तो सायबेरियाचा वारा आपल्याकडेही येतो का?

टीव्हीवर ऐकून असं वाटतं खरं. पण मधे हिमालय आहे. सायबेरियाची जड, गार हवा बुटकी असते, तिला ती भिंत ओलांडता येत नाही, म्हणून ती पूर्वेकडे चीन-कोरियावरून समुद्रात उतरते. आपल्याकडचा गारठा वेगळ्या वाटेनं येतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकले की त्यांच्या मागून पंजाब-राजस्थानकडचे कोरडे उत्तरी वारे खाली उतरतात. आकाश निरभ्र, रात्री जमिनीची ऊब सरळ वर जाते आणि सकाळी तोरणमाळ-डाबकडे दवाचं बर्फ झाल्याचे फोटो मोबाईलवर फिरतात.

## "समुद्रनं काय करनं शे आपले?"

हा प्रश्न आमच्या पारावरच्या एका आबांचा. खान्देशाला समुद्र नाही, तर त्याची पंचाईत कशाला?

आबांना मी तापी दाखवली. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे डुमसला खंबातच्या आखातात. तिथून पुढचा गुजरात-मुंबईचा समुद्रही उथळच. किनाऱ्यापासून तीनेकशे किलोमीटरपर्यंत उथळ पाण्याचा मंच पसरलेला आहे, खाली केरळकडे तो अगदी अरुंद होतो. बशी आणि कपाचा हिशेब इथंही चालतो. फक्त थंडी कमी, त्यामुळे फरक लहान.

अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळा आणखी एक काम करतो. जमिनीवरून येणारा कोरडा वारा पाण्याची वाफ करतो, आणि माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं समुद्राचा वरचा थर गार होतो. गार पाणी जड होऊन बसतं, घुसळण शंभर मीटरपर्यंत जाते आणि खालचं खत वर येतं. इथं खत म्हणजे नायट्रेट, तेच आपण पोत्यानं आणतो ते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो समुद्र उपग्रहातून हिरवा दिसतो.

आणि वाऱ्याच्या तोंडावरचं पाणी? तेही आपल्याकडे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह केरळ-कर्नाटकाकडून गुजरातेकडे, म्हणजे उत्तरेकडे, वाहतो. वारा तेव्हा उत्तरेकडून असतो. या प्रवाहाबरोबर बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी आपल्या बाजूला येतं. पण इथं कारण बैलगाडीचं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर भाचा मला घरात घेणार नाही. इथं दूरचा धक्का काम करतो. भुसावळच्या यार्डात इंजिन एका टोकाला डब्याला लागतं आणि खडखड करत तो धक्का शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो, इंजिन जागचं हललेलंही नसतं. तसा बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यानं दिलेला धक्का किनाऱ्याला धरून लाटेसारखा भारताला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येतो.

हे कामाला येतं का? येतं. हैदराबादला इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती उपग्रहावरून तापमानाच्या शिवा आणि पाण्यातला हिरवा रंग एकत्र वाचते आणि मासेमारांना सांगते की अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत मासळीची शक्यता आहे. इस्रोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट मालिकेतला उपग्रह अशाच कामासाठी. होडीवाल्याचं डिझेल आणि वेळ वाचतो. पण शीव म्हणजे मासा असं लिहून मिळत नाही. शिवेवर खाणं जमतं, खाणारा आला असेलच असं नाही, आणि नकाशा हातात येईपर्यंत ती सरकलेलीही असते. बांधावरचं हरभऱ्याचं हिरवं शेत लांबून बघून उतारा सांगण्यासारखंच ते.

मी उत्साहानं म्हटलं, म्हणजे आपला बोंबीलही शिवेवर सापडतो. भाच्यानं मान हलवली. बोंबील डोलीत येतो. डोल म्हणजे समुद्रात खुंट्याला बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जातं आणि मासा आपोआप आत. खंबातकडे भरती-ओहोटीचा जोर देशात सगळ्यात मोठा, त्यामुळे बोंबलाला शिवेची गरज नाही, पाण्याची ओढ पुरते.

त्याच रविवारी चोपड्याच्या बाजारात गेलो. सुकटवालीनं बोंबलाचा भाव मागच्या वेळेपेक्षा चढा सांगितला. मी कारण विचारलं.

"समुद्रमा वारं सुटेल शे म्हने," ती म्हणाली.

"कोणत्या बाजूनं?" भाच्यानं लगेच विचारलं.

तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पारड्यात आणखी दोन बोंबील टाकले.